पहिलटकरीण

मयुराबेनचं पत्र दिवाळीनंतर आलं होतं, आणि संक्रांत उलटून गेली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्र मोठं नव्हतं. निळं अंतर्देशीय, तेही अर्धंच भरलेलं.

"महादेवभाई, जतीन शेवटी हो म्हणाला. बाल्कनीत पिंजरा लावू देतो. ती जोडी आता तुमची, दिलेलं मी परत मागणार नाही. पण पावसाळ्याच्या आत त्यांना पिल्लं झाली तर त्यातली दोन मला द्या. पिंजरा घासून, धुऊन ठेवला आहे. नर गायला लागला का? त्याच्या बापासारखा गातो का, तेवढं लिहा. मला आता ऐकू येत नाही, म्हणून विचारते."

तलासरीच्या शाळेत मयुराबेन विज्ञान शिकवायच्या आणि मी ग्रंथालय सांभाळायचो. इतक्या वर्षांत आमचं बोलणं बहुतेक पुस्तकांच्या देवाणघेवाणीपुरतंच. त्यांनी परत केलेल्या पुस्तकात हमखास राळ्याचं एखादं टरफल सापडायचं, कारण घरी पिंजऱ्याशेजारी बसूनच त्या वाचायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांचे कान गेले. फोनचा उपयोग उरला नाही. मग मुलाकडे, जतीनकडे, वापीला जाताना त्यांनी नुकती दाणे टिपायला लागलेली दोन झेब्रा फिंच माझ्या आशागडच्या घरी आणून ठेवली. चिमणीहूनही लहान, करडे पक्षी. नराच्या गालावर तेव्हा कुठे नारिंगी रंग फुटत होता, आणि दोघांच्याही चोची अजून काळपट होत्या.

"पोरं आहेत अजून," त्या म्हणाल्या होत्या. "अंगाने भरू द्या, मग मडकं लावा."

उत्तर लिहायला मी बसलो नव्हतो असं नाही. "पक्षी मजेत आहेत" असं लिहिलं, मग वाटलं, हे मी कशावरून म्हणतो? "मडकं लावलं आहे" असं लिहिलं, मग वाटलं, अंडी झाल्यावरच लिहू. अंडी दिसली तेव्हा वाटलं, फुटतील की नाही कोण जाणे, पिल्लं झाली की एकदम आनंदाचीच बातमी कळवू. अशी अर्धवट पत्रं मी खुणेसाठी पुस्तकांत घालत गेलो.

मडकं लावायची घाई माझी धाकटी बहीण बायजा हिची. तिचे यजमान गेल्यापासून आम्ही दोघं एकत्र राहतो. घर तिच्या हातात आणि पुस्तकांची खोली माझ्या. पक्षी माझ्या खोलीत आले, पण नावं तिने ठेवली. मादी चिमी, नर तुक्या.

मयुराबेनचं पत्र तिने माझ्या हातातून घेऊन वाचलं आणि म्हणाली, "पावसाळ्याच्या आत म्हणते ना? मग आता लावायला नको मडकं?"

"लहान आहेत गं. त्या म्हणाल्या होत्या, भरू द्या."

"भरलीय की. बघ कशी टुमटुमीत दिसते."

मी चिमीकडे पाहिलं. मला ती टुमटुमीत दिसली नाही, पण बारीक दिसते असंही मी छातीठोक म्हणू शकलो नसतो. बायजाने कुंभाराकडून बाजूला तोंड असलेलं मडकं आणलं आणि पिंजऱ्यात टांगलं. मी अडवलं नाही.

आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. पोर आली की तिला काही कमी पडू द्यायचं नाही, आणि तिने मागितलेल्या गोष्टीला नाही म्हणायचं नाही. बायजाची लेक निलम मात्र पुण्याला सासरीच बाळंत झाली. तिच्यासाठी जपून ठेवलेली जुनी मऊ लुगडी पेटीतच राहिली. चिमीने मडक्यात बसून पाहिलं त्या दिवशी बायजाने पेटी उघडली. लुगड्याच्या बोटभर चिंध्या फाडल्या, जोडीला नारळाचा काथ्या पिंजून ठेवला. तुक्या झडप घालून एकेक चिंधी उचलायचा आणि मडक्यात शिरायचा. बाहेर आला की पिंजऱ्याच्या तारेला लटकून खेळण्यातल्या भोंग्यासारखा ओरडायचा.

"मागतोय बघ!" बायजा म्हणायची. "पहिलटकरीण आहे. देऊ दे."

माझ्याकडे पक्षी पाळण्यावरचं एक जुनं पुस्तक होतं. त्यात लिहिलं होतं की मादी बसलेली असताना घरट्यात वारंवार डोकावू नये, घाबरून ती अंडी सोडते. हे वाक्य मला मनापासून पटलं. एकदा पांढरी, शेंगदाण्याएवढी दोन अंडी दिसली तेवढ्यावर मी डोकावणं बंद केलं. आपण ज्याच्याकडे पाहत नाही ते आपल्या हातून बिघडत नाही, असं मला नेहमीच वाटत आलं आहे.

त्याच पुस्तकात समुद्रफेसाबद्दलही होतं. माकुलाच्या पाठीतलं ते पांढरं, हलकं हाड आपल्या किनाऱ्यावर वाहून येतं. अंड्याच्या कवचासाठी मादीने ते कुरतडलं पाहिजे. बायजा सुकी मासळी आणायला चिंचणीला गेली तेव्हा माझ्या सांगण्यावरून दोन मोठे तुकडे घेऊन आली. पण पुस्तक पुढे म्हणत होतं, मीठ लहान पक्ष्यांना घातक असतं, म्हणून हाड चांगलं धुवावं. चांगलं म्हणजे किती? मी बादलीत भिजत घातलं. पाणी बदललं. जीभ लावून पाहिली, खारट वाटलं. पुन्हा भिजवलं, गच्चीवर वाळवलं, पुन्हा जीभ लावली.

"भावा, तूच खाऊन टाक ते," बायजा म्हणाली.

"थोडं खारट आहे अजून."

"तुझी जीभ खारट आहे. अख्खा जन्म समुद्राजवळ गेला."

मी पुन्हा पाणी बदललं.

दिवस गेले, पण मडक्यातून पिल्लांचा आवाज काही आला नाही. चिमी आत जायची, बाहेर यायची, आणि तुक्या चिंध्या नेतच होता. मला काळजी वाटू लागली, पण कशाची ते नेमकं कळेना. झोपण्याआधी मी कान लावून बसायचो. कधी वाटायचं, आत बारीक चिवचिव आहे. मग कळायचं, बाहेर रिक्षाच्या ब्रेकचा आवाज आहे.

संक्रांतीनंतर थंडी अचानक वाढली. एका सकाळी पिंजऱ्यावरचं फडकं काढलं तर चिमी तळाशी बसलेली. पिसं फुगवून तिचा गोळा झाला होता. डोळे अर्धवट मिटलेले. प्रत्येक श्वासाला शेपटी खाली-वर हलत होती. तुक्या तिच्याजवळ उतरायचा, चोचीने तिची मान विंचरायचा, पुन्हा वर जायचा. ती जागची हलली नाही.

"बायजा!"

ती आली, वाकून पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "अडलीय रे ही," ती म्हणाली.

डहाणूला जनावरांचे डॉक्टर उमेश बसतात हे मला ठाऊक होतं. एवढ्याशा पक्ष्यासाठी त्यांना त्रास द्यावा का, ते हसतील का, रांगेत गाई-म्हशींचे मालक काय म्हणतील, असे सगळे प्रश्न मी शर्टाची बटणं लावता लावता स्वतःला विचारले. एक बटण चुकलंही. बायजाने चपलांच्या खोक्यात मऊ कापड घालून चिमीला त्यात ठेवलं, झाकणाला भोकं पाडली, खोकं माझ्या हातात दिलं आणि मला दाराबाहेर काढलं.

रिक्षात शेजारी चिकूच्या टोपल्या घेऊन एक बाई बसली होती. तिने विचारलं, "बूट बदलायला चाललात?" मी हो म्हणालो. खरं सांगितलं असतं तर तिने झाकण उघडायला लावलं असतं, आणि झाकण उघडायची मला भीती वाटत होती.

डॉक्टर उमेश तिशीतला, आडदांड माणूस. माझ्याआधी एक शेळी तपासून त्याने हात धुतले. "काय आणलंय काका? कोंबडी?"

मी खोकं पुढे केलं. त्याने झाकण उचललं आणि बराच वेळ आत पाहत राहिला.

"काका, मी म्हशीच्या पोटात खांद्यापर्यंत हात घालणारा माणूस. हिला माझं बोट लागलं तर माझंच काळीज बंद पडेल." मग त्याने खरंच एक बोट अगदी अलगद तिच्या पोटाखाली लावलं. "अंडं अडकलंय. वय काय हिचं?"

"गणपतीतली."

"म्हणजे पोरगीच की. याआधी किती अंडी घातली?"

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे?"

"घरट्यात डोकावू नये म्हणतात. म्हणून…"

"कॅल्शियम काय देताय? समुद्रफेस वगैरे?"

"धुतोय."

"धुताय?"

"दिवाळीनंतरपासून. थोडा खारट लागतो अजून."

तो हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. कपाटातून एक लहान बाटली काढून त्याने ड्रॉपरमध्ये पांढरं औषध घेतलं, पाणी घालून पातळ केलं आणि एक थेंब चिमीच्या चोचीच्या कडेला लावला. तिने तो गिळला.

"दुपारी अजून एकदा, असाच कडेला. तोंडात ओतू नका, श्वासात जाईल. ऊब द्या, बल्ब लावा, जवळ ओलं फडकं ठेवा. पोट दाबू नका. आणि धूर अजिबात नको. उदबत्तीसुद्धा नको. इवलीशी छाती असते, धुराने जाईल."

"वाचेल का?"

"संध्याकाळपर्यंत अंडं पडलं तर वाचेल."

"आणि नाही पडलं तर?"

"काका, खोटं कशाला सांगू? ह्याहून जास्त मला येत नाही."

घराचं दार उघडलं आणि ओव्याचा वास आला. बायजाने माझ्या खोलीत शेगडी आणून ठेवली होती. निखाऱ्यांवर ओवा आणि बाळंतशोपा टाकून ती पदराने वारा घालत होती. खोली पांढरी झाली होती. आमच्या घरात बाळंतिणीला अशीच धुरी देतात, आमच्या आईने बायजाला दिली होती.

"आण इकडे तिला," ती म्हणाली. "शेक मिळाला की सुटेल."

"बाहेर ने ती शेगडी!"

आवाज माझाच होता. मी असा ओरडू शकतो हे मलाही ठाऊक नव्हतं. बायजा हातातला ओवा तसाच धरून माझ्याकडे बघत राहिली.

"माझ्यावर ओरडतोस?"

"धुराने मरेल ती. डॉक्टर म्हणाले. ने बाहेर, बायजा, आधी ने!"

तिने शेगडी उचलली आणि अंगणात गेली. तुक्या पिंजऱ्यात खोकल्यासारखा आवाज करत होता. खिडक्या उघडाव्यात तर थंड वारा आत येत होता, न उघडाव्यात तर धूर जात नव्हता. एका हातात खोकं धरून मी खोलीच्या मधोमध उभा राहिलो. मग पिंजरा काढून माजघरात नेला, आणि खोकं घेऊन मागच्या अंधाऱ्या खोलीत गेलो. तिथे पेंढ्यात चिकू पिकायला घातलेले असतात. ती खोली थंडीतही उबदार असते. चाळीसचा बल्ब वायरने ओढून खोक्याच्या एका टोकाला लावला, फडकं भिजवून बाजूला ठेवलं, आणि चिकूच्या दोन टोपल्यांमध्ये जमिनीवर बसलो.

चिमी डोळे मिटून बसली होती. शेपटी हलत होती. थांबली असं वाटलं की माझाही श्वास थांबायचा, मग ती पुन्हा हलायची.

नुसतं बघत बसणं सोसवेना. मडक्यात आता कोणी बसलेलं नाही, निदान आत काय आहे ते तरी बघावं असं वाटलं. इतके दिवस डोकावलो नव्हतो, आता डोकावून बिघडायचं काही उरलं नव्हतं. पिंजऱ्यातून मडकं काढून आणलं. तोंडापर्यंत चिंध्या दाटून भरल्या होत्या. चिमटीने एकेक काढू लागलो. बायजाच्या हिरव्या लुगड्याच्या चिंध्या, मग काथ्या, मग दोन अंडी, थंडगार. त्याखाली पुन्हा चिंध्या, जांभळ्या लुगड्याच्या. त्याखाली पुन्हा अंडी. मग काथ्याचा जाड थर, आणि अगदी तळाशी, मी पहिल्यांदा पाहिलेल्या त्या दोन अंड्यांसकट, आणखी काही.

बायजा दारात येऊन उभी राहिली होती. रागावलेलीच होती, पण माझ्या मांडीवरचं ते बघून ती आत आली.

"इतकी?"

"तुक्या चिंध्या नेत राहिला. अंडी झाकली गेली. अंडी दिसेनात म्हणून तिने पुन्हा घातली. पुन्हा आपण चिंध्या दिल्या."

"मागत होता रे तो."

"हो."

"मी देत गेले." ती पेंढ्यावर बसली. थरातली एक जांभळी चिंधी उचलून तिने बोटांत गुंडाळली. "हे निलमच्या दुपट्यासाठी ठेवलं होतं."

मी उठून पुस्तक आणलं. घरट्याच्या प्रकरणाचं पुढचं पान काढलं. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की पहिलं अंडं दिसताच घरट्याचं साहित्य देणं बंद करावं. त्या ओळीखाली पेन्सिलीची रेघ होती. रेघ माझीच होती. मी ते वाचलं होतं, महत्त्वाचं म्हणून खूण केली होती, आणि तरी रोज सकाळी बायजा चिंध्या ठेवत असताना शेजारी उभा राहिलो होतो. लिहिणाऱ्याचं बरोबर की बायजाचं, हे ठरवता न आल्यामुळे मी काहीच बोललो नव्हतो.

पुस्तक मी बायजाला दाखवलं. तिने चष्मा नसल्यामुळे ते लांब धरून वाचलं.

"मग बोलला का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"आज ओरडलास तेव्हा नाही वाटलं?"

"वाटलं असेल."

"वाटलं," ती म्हणाली, आणि ओलं फडकं पुन्हा भिजवून आणायला उठली.

दुपारी दुसरा थेंब दिला. जेवायची वेळ टळून गेली. बायजाने न विचारता दोन चिकू सोलून माझ्यासमोर ठेवले, ते तसेच काळे पडले. उन्हं कलली तेव्हा चिमी उठली, एकदा आखडल्यासारखी मागे ओढली गेली, आणि पंख पसरून कापडावर पडली. मी बायजाचा हात धरला. मग चिमी अडखळत दोन पावलं पुढे सरकली, आणि ती जिथे होती तिथे एक अंडं पडलेलं दिसलं. त्याला कवच नव्हतं. नुसती पातळ, ओली कातडी, बोट लावलं तर दबेल अशी.

चिमीने चोच उघडी ठेवून बराच वेळ श्वास घेतला. मग वाटीकडे गेली आणि पाणी प्यायली.

बायजा रडत होती आणि मला म्हणत होती, "रडू नकोस आता."

दुसऱ्या दिवशी डॉक्टर उमेशचा फोन आला. "काका, आहे का?"

"आहे. दाणे खाते आहे."

"बघा! मी घरी बायकोला सांगितलं, आज मी अंगठ्याएवढा पेशंट बघितला. आता ऐका. समुद्रफेस द्या, जसा आहे तसा. आणि मडकं काढा. पावसाळा जाईपर्यंत अंडी नकोत. आत्ता पुन्हा घातली तर ती टिकणार नाही."

मडकं काढून अडगळीत ठेवलं. समुद्रफेसाचा तुकडा तारेने पिंजऱ्याला बांधला आणि चिमीने तो अर्धा दिवस सोडला नाही. त्रास झाला तो तुक्याचा. मडक्याच्या जागी तो पुनःपुन्हा बसून पाहायचा. तळाच्या वर्तमानपत्राचे कोपरे फाडायचा, स्वतःचं गळलेलं पीस चोचीत धरून फिरायचा, आणि आम्ही दिसलो की तारेला लटकून ओरडायचा. बायजा दोनदा पेटीपर्यंत जाऊन परत आली. तिसऱ्यांदा तिने पेटीची किल्ली माझ्याकडे दिली.

त्याच आठवड्यात जतीनचा फोन आला. तो वापीच्या कारखान्यात आहे. "अंकल, तब्येत बरी ना? मम्मी रोज पोस्टमनला विचारते. तुमचं पत्र नाही म्हणून तिला भलतंसलतं वाटायला लागलंय."

"मी बरा आहे. त्यांना सांग की…" इथे मी अडकलो. पिल्लं नाहीत हे त्याने कसं सांगावं, ओरडून की हातवारे करून?

"अंकल, तुम्हीच लिहा ना. माझं तिला काही कळत नाही, चिडते."

मी त्याच दुपारी लिहायला बसलो. काय झालं ते सगळं लिहिलं, चिंध्या आणि धुतलेल्या समुद्रफेसासकट. शेवटी लिहिलं, "माझ्या हातून हे पक्षी नीट सांभाळले जातील असं मला वाटत नाही. जतीनने परवानगी दिलीच आहे, तर तुम्ही ही जोडी परत न्यावी." लिहून मला एकदम हलकं वाटलं.

बायजा वाटीतले राळे निवडत होती. तिने कागद मागितला आणि वाचला.

"मयुराबेनला पाहिजेत म्हणून देतोस, की तुला भीती वाटते म्हणून?"

"त्यांच्याकडे सुरक्षित राहतील."

"ते मी नाही विचारलं."

चिमी समुद्रफेस कुरतडत होती, त्याची पांढरी पूड तिच्या चोचीला लागली होती. पुन्हा काही झालं तर मला कळेल का? कदाचित कळणार नाही. पण आता मी मडक्यात डोकावेन, आणि बायजाला नको म्हणेन. एवढंच खात्रीने सांगता येत होतं. नवीन अंतर्देशीय घेतलं.

"मयुराबेन, उत्तराला फार उशीर झाला. पिल्लं झाली नाहीत, आणि पावसाळ्याच्या आत होणारही नाहीत. आम्ही मडकं फार लवकर लावलं आणि अंडी घातल्यावरही चिंध्या देत राहिलो. त्यात मादी मरता मरता वाचली. आता ती बरी आहे. मडकं काढून ठेवलं आहे. पावसाळ्यानंतर ती धडधाकट असली तरच पुन्हा लावू, आणि तेव्हा काय झालं ते लगेच कळवीन, चांगलं असो वा वाईट. तोवर तुमचा पिंजरा रिकामा राहील, याचं मला वाईट वाटतं. ही जोडी तुम्हाला स्वतःजवळ हवीशी वाटली तर तसं लिहा, बायजा रागावेल पण मी घेऊन येईन. नर गायला लागला आहे. त्याच्या बापाचं गाणं मी कधी कान देऊन ऐकलं नाही, म्हणून तसाच गातो का ते मला सांगता येत नाही. सुरुवातीला तो तीन-चारदा अडखळतो आणि मग एका दमात म्हणतो. तुमचा, महादेव."

पुन्हा वाचलं असतं तर पाठवलं नसतं, म्हणून कडा लगेच चिकटवल्या. डहाणूच्या पोस्टापर्यंत रिक्षाने गेलो. पेटीसमोर उभा राहिल्यावर पिनकोडाची शंका आली. पत्ता पुन्हा पाहिला, बरोबर होता. मी पत्र पेटीत टाकलं.